एक-दोन-तीन बंद, चार चालू

माझं नाव कातरीन, पण इथे इन्सुलीत मला त्या नावाने हाक मारणारं आता कोण नाय, इथे मी आंतोन मेस्त्रीची बायको. जन्म समुद्राच्या काठचा, मालवणच्या खालच्या अंगाला आमची वाडी, दारात माड आणि माडांच्या पलीकडे लगेच पाणी, बापूस होडीवर आणि आई सुकवणीवर, म्हणजे जी मासळी विकायची राहिली तिला मीठ लावून जाळ्यांवर पसरायची, दिवसभर कावळे हाकायचे, ऊन उतरलं की गोळा करायची, हे काम मी चालायला लागले तेव्हापासून केलंय. काय सांगू तुम्हाला, आमच्या अंथरुणाला बांगड्याचा वास, दप्तराला बांगड्याचा वास, रविवारी चर्चात मिसेला घालायच्या फ्रॉकलासुद्धा तोच वास, पण आम्हाला वास येतो हे आम्हाला सांगणार कोण, सगळी वाडीच त्यात मुरलेली. तुम्ही लिहून घेताय म्हणून मराठीत बोलते, मधीच मालवणी घुसली तर तशीच राहू दे, धुऊन काढू नका.

लग्न करून आले ती इथे, हायवेच्या गावात. इथे समुद्र नाय, शेती नि काजू नि रस्त्यावरच्या गाड्या. पहिल्याच दिवशी सासू म्हणाली, गो, आदी विहिरीर जावन आंघूळ कर, मगे चुलीकडे ये. मी म्हटलं, मामी, मी आंघूळ करूनच आलेय. तर म्हणते, परत कर. मी केली, आणि करताना विहिरीवर बसून रडले पण आणि हसले पण. आंतोन तर आईच्या वरचा, तसा बोलायला गोड, हाताने कधी मारणार नाय, पण मी सुक्या बांगड्याची किसमूर केली की उठून सगळ्या खिडक्या उघडणार. मी म्हणायचे, मेल्या, तुझा नाक माणसाचा आसा काय मांजराचा? तो म्हणायचा, मांजराचा असता तर ही किसमूर ताटात उरली नसती. असं आमचं चालायचं, पोरं झाली नाहीत, पण घरात आवाज कमी म्हणून कधी वाटला नाय.

आंतोन गाड्यांच्या वायरिंगचा मेस्त्री. काम शिकला गोव्यात, म्हापशाला एका जुन्या मेस्त्रीच्या हाताखाली, आणि मग इथे रस्त्याला लागून पत्र्याची शेड घातली. घराला चिकटूनच, मधे नुसतं एक दार. त्याची पद्धत अशी की गाडी आली की हत्यार हातात घ्यायचा नाय. आधी आत जाऊन बसणार, बटणं फिरवणार, ऐकणार, दार लावून ऐकणार, उघडून ऐकणार, बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघतंय आणि हा आत आपला मिसेला बसल्यासारखा बसलेला. लोक मला म्हणायचे, तुझो घोव झोपलो काय गो? मी म्हणायचे, झोपूंदे, जागो झालो की तुमची गाडी चालतली. आणि चालायची. मी उजेडाला बॅटरी धरून उभी असायची, स्क्रू हातात धरायची, कुठला कुठला ते लक्षात ठेवायची, कारण त्याच्या लक्षात राहायचे नाय. वायरींचे रंग मला तेव्हापासून ठाऊक.

मग त्याला लकवा मारला. नाताळाच्या आधीची गोष्ट, सकाळी दात घासता घासता ब्रश खाली पडला, मी आतून ओरडले, काय पाडलंस, तर उत्तर नाय. गोव्याला मोठ्या हॉस्पिटलात नेला, जीव वाचला, देवाची कृपा. पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायला लागला, आणि बोलणं गेलं. सगळं नाय गेलं, एक शब्द उरला. चल. पाणी हवं तरी चल, नको तरी चल, पाय दुखला तरी चल, मी रडायला लागले की डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून चल. डोक्यात सगळं शाबूत, कोण आलं कोण गेलं सगळं कळतं, फक्त तोंडातून बाहेर पडताना सगळ्याचं चल व्हायचं. आणि लोक काय काय सांगायचे हो, हे तेल लाव, ते मूळ उगाळ, अमक्या ठिकाणी ने, एकीने तर मला सांगितलं, कबुतराचं रक्त चोळ. मी म्हटलं, तू चोळ तुझ्या घोवाला, मग सांग मला.

सावंतवाडीहून एक मुलगी यायची, बोलायला शिकवणारी, चांगली होती, जीव लावून काम करायची. ती म्हणायची, काका, माझ्याबरोबर म्हणा, एक, दोन, तीन. तिने मला समजावलं की अंक, वारांची नावं, रोजची प्रार्थना, असं जे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असतं ते आधी परत येतं, त्याच्या मागून बाकीचं येतं. पण त्याने म्हणायला तर हवं. तिने एक म्हटलं की हा ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायचा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, लांबून लांबून लोक गाड्या घेऊन यायचे त्याच्याकडे, त्याला कोणीतरी बोटं दाखवून एक दोन म्हणायला लावतंय, त्याला लाज वाटत होती, मला कळत होतं. संध्याकाळी मी तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणायला बसायची, आधी तोच म्हणायचा मोठ्याने, आता मणी हातात धरून गप्प. ती मुलगी एक दिवस जाताना हळूच म्हणाली, काकी, त्यांची जीभ तयार आहे, त्यांचं मन तयार नाय. मला त्याच्या मरणाची भीती नव्हती हो, मरण काय सगळ्यांनाच आहे, पण हा जिवंत असून असाच भिंतीकडे तोंड करून राहील, याची मला भीती वाटायची. तीच एक भीती. बाकी सगळं मी निभावलं असतं.

शेड बंद पडली. पावसाळा आला, पत्रे गळायला लागले, आणि एक जण विचारायला आला, कोंबडीचं दुकान घालतो, देता काय भाड्याने? मी हो म्हटलं. आज कोणी कोणी मला म्हणतं, असं कसं केलंस, पण मला नाय वाटत मी चूक केली, चूल पेटायला हवी की नको? सामान बाहेर काढायला सुरुवात केली, पेट्या, वायरी, जुने स्टार्टर, सगळं ओसरीवर आणून ठेवलं. आंतोनने पडल्या पडल्या ते सगळं बघितलं. त्या दिवशी चलसुद्धा म्हणाला नाय.

आणि त्याच आठवड्यात सलीम आला. सलीम म्हणजे देवगडकडचा, सुक्या मासळीचा व्यापारी, मागची सीट पाडून गाडीत गोणी भरतो आणि आंबोली घाटातून बेळगावला नेतो. आंतोनचं जुनं गिऱ्हाईक. सकाळची वेळ, पाऊस धो धो, शेडसमोर गाडी लावली आणि छत्री न उघडता धावत ओसरीवर. भाबी, आंतोनभाय खंय आसत? मी सांगितलं काय झालं ते. केसांतून पाणी गळतंय तसाच म्हणाला, माका कोणी सांगूक नाय हो. मग म्हणाला, जातंय मगे. मी म्हटलं, पाऊस कमी होईपर्यंत बस, चहा घे, आणि आलास कशाला ते तरी सांग.

तर झालं होतं असं, की गाडीतला वाऱ्याचा पंखा, ब्लोअर म्हणतात तो, एक, दोन, तीन नंबरवर लागतच नाय, फक्त चारावर. आणि चारावर लावला की गुरगुरतो नि वारा म्हणावा तसा नाय. दुसऱ्या एका गॅरेजात दोनदा पार्ट बदलला, दोन्ही वेळा चार दिवस चालला नि परत तेच. तुम्ही म्हणाल, पंखा नाय तर काच खाली करून जा. पण घाटात पावसात काच खाली करता येत नाय, आणि काच बंद केली की आतून धुकटते, गार वारा लावा नाहीतर हीटर लावा, तो वारा समोरच्या काचेवर टाकणारा पंखा एकच. कोकणात हीटरचं बटण कोण दाबतं, पण आंबोलीच्या धुक्यात तेच बटण माणसाला वाचवतं. सलीम म्हणाला, भाबी, एका हातान फडको, एका हातान स्टेरिंग, काल घाटाच्या वळणार एसटीवाल्यान हॉर्न मारल्यान म्हणान वाचलंय.

तो हे बोलतोय तोच मधलं दार वाजलं. बघते तर आंतोन. चौकटीला धरून उभा. मी हात दिला नव्हता, काठी दिली नव्हती, खाटेवरून उठून एकटा आला होता, पाय ओढत. सलीमकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, म्हणाला, चल. सलीमने एका बाजूने धरला, मी एका बाजूने, आणि डाव्या सीटवर नेऊन बसवला. गाडी शेडीत आत घेतली. तसाच बसला, आधीसारखा. हत्याराकडे बघितलं नाय. डाव्या हाताने बटण फिरवलं, एक, काय नाय, दोन, काय नाय, तीन, काय नाय, चार, घुर्रर्र.

मी म्हटलं, फ्यूज बघते. फ्यूज काढायला गेले तर माझ्या हातावर चापट. बरोबरच होती चापट. चारावर चालतो म्हणजे करंट येतोय, मग फ्यूज कशाला जळेल? त्याने डाव्या सीटसमोरच्या खणावर बोटाने टकटक केलं. मी खण काढला, आत हात घातला, वाऱ्याच्या पेटीला एक छोटा तुकडा बसवलेला असतो, रेझिस्टर, करंट अडवून पंखा हळू फिरवणारा. एक, दोन, तीन त्याच्यातून जातात, चार थेट. तो काढला तर आतली तार जळून तुटलेली, सॉकेट तपकिरी झालेलं. सापडला, म्हणून मी ओरडलेच. ओसरीवर काढून ठेवलेल्या पेटीत तसलाच नवीन एक होता, बसवला, आणि काय, एक चालू, दोन चालू, तीन चालू. सलीम म्हणाला, भाबी, तुमी तर मेस्त्री झाल्यात. मी पण फुशारले, खोटं कशाला बोलू. हात पुसले नि आंतोनला म्हटलं, उठ रे, झाला काम.

तो उठेना. मी हात धरला तर झटकला. चल, म्हणाला, मोठ्याने, आणि डॅशबोर्डवर हात आपटला, चल, चल, चल. तोंड लाल झालं. मला वाटलं, शेड सोडवत नाय त्याला, मी समजूत घालायला लागले, तर आणखीनच भडकला, डोळ्यांत पाणी आलं. मग थांबला. श्वास घेतला. बटण बंद केलं आणि बोट आपल्या नाकावर ठेवलं. बटण चालू केलं, परत नाकावर बोट, आणि नाक असं आक्रसलं, जसं माझ्या किसमुरीला आक्रसायचं. बंद केलं, नाक सरळ. चालू केलं, नाक वाकडं.

मी हुंगलं. मला काय वास येईना. सलीमने हुंगलं, तो म्हणाला, कसलो वास? आता बघा, मी मासळी सुकवणारीची पोर, तो मासळी विकणारा, आम्हा दोघांची नाकं एकाच घरची. आणि वास आला असता तरी काय म्हटलं असतं? मासळीवाल्याची गाडी, मासळीचा वास येतो, नाहीतर काय सुरंगीच्या फुलांचा येणार? त्या दुसऱ्या गॅरेजवाल्यांनाही वास आला असेलच, पण त्यांनी नाक धरून काम केलं आणि गाडी दिली. पण गोणी मागे होत्या हो. आणि आंतोनचं नाक पंखा लागला की पुढच्या वाऱ्याने वाकडं होत होतं. म्हणजे वास पंख्यातून येत होता. हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मी परत हत्यार उचललं.

तशीच आडवी झाले, त्याच्या पायांशी खणाखाली डोकं घालून, खालचे स्क्रू काढले नि पंखा मोटरसकट खाली घेतला. काय सांगू तुम्हाला काय निघालं. पिंजऱ्यासारखा तो पंखा असतो, त्याच्या पात्यांत गोणपाटाचे धागे, काथ्या, सोडे, बांगड्याचा एक अख्खा तुकडा, सगळं पावसाच्या दमटाने फुगून चिकटलेलं. उंदराने घर केलं होतं. मासळीच्या वासाने काचेखालच्या जाळीतून शिरला, आतून एक एक करून गोणीतलं नेलं आणि पंख्याच्या पेटीत साठवलं. एवढं ओझं घेऊन फिरणारा पंखा जास्त करंट ओढणार, तो सगळा करंट त्या छोट्या तुकड्यातून जाणार, वर पुरेसा वारा नाय म्हणून तो थंडही होणार नाय, मग जळणारच. मी घातलेला तिसरा तुकडाही घाटात जळला असता, आणि सलीम परत फडकं घेऊन काच पुसत बसला असता. हेच तो मघापासून सांगत होता, त्याच्याकडे एकच शब्द होता नि मी त्याला समजूत घालत होते. मी त्याच्या पायाशी बसून त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, शाणो माझो. तो हसला. अर्ध्या तोंडाने हसला, पण हसला, नाताळापासून पहिल्यांदा.

मग पातं न् पातं ब्रशने साफ केलं, मोटरच्या दांड्याला तेलाचा थेंब दिला, हाताने फिरवला तर फिरतच राहिला. उंदीर शिरला त्या काचेखालच्या तोंडावर बारीक तारेची जाळी कापून बसवली, ते माझं डोकं, ते आंतोनचं नाय. सगळं परत चढवलं. सलीम मागच्या दारात वाकून उभा, मी ड्रायव्हरच्या सीटवर, आंतोन डावीकडे. मी बटण एकावर फिरवलं. मऊ वारा आला, आवाज म्हणून नाय. आणि बाजूला कोणीतरी म्हणालं, एक.

मला वाटलं सलीम. मागे बघितलं तर सलीम माझ्या तोंडाकडे बघतोय. मी दोनावर फिरवलं. दोन, आंतोन म्हणाला. जड, घोगरा, पण दोन. मी बटण सोडून त्याच्या तोंडाकडेच बघत बसले. तर हा वैतागला. तीन, म्हणाला, मी फिरवायच्या आधी. तीन! मी फिरवलं. चार. मी फिरवलं. मग परत एकाला आलो, परत चाराला गेलो, किती वेळा फिरवलं ते मोजायला मी शुद्धीत होते कुठे. सलीम बाहेर जाऊन पत्र्याखाली पावसाकडे तोंड करून उभा राहिला, ज्या फडक्याने काच पुसायचा त्याच फडक्याने डोळे पुसत होता. माझे मी पुसलेच नाय. पडूंदेत म्हटलं, किती पडायचे ते.

कोंबडीवाल्याला मी दुसऱ्या दिवशी निरोप दिला, शेड देत नाय. तो चिडला, चिडू दे. ती शिकवणारी मुलगी आली तेव्हा मी जुना एक ब्लोअरचा स्विच खाटेवर ठेवला होता. तिने बघितलं, हसली, आणि बोटं दाखवायच्या ऐवजी स्विच त्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून त्याने भिंतीकडे तोंड केलं नाय. अंकांच्या मागून वार आले, वारांच्या मागून प्रार्थना आली, अडखळत येते, मधीच अडकली की मी पुढची ओळ देते. काही दिवस अगदी वाईट जातात, एक शब्द नाय, मग मी पण चिडते, तो पण चिडतो. डॉक्टर म्हणतात सगळं परत येईल असं नाय. मी म्हणते, जितका येतला तितका येवंदे.

आता शेड चालते. हात माझे, बाकी सगळं त्याचं. तो आत बसतो, ऐकतो, बोटाने दाखवतो, मी खोलते. एसीची नि ब्लोअरची कामं जास्त येतात, सलीमने कुठे कुठे सांगितलंय देव जाणे, किनाऱ्यावरच्या मासळीच्या गाड्या येतात नि सगळ्यांच्या पंख्यांत उंदीर. सलीम घाटातून दोन्ही हात स्टेरिंगवर ठेवून जातो म्हणे. पहिलीच खेप करून आला तेव्हा मला प्रेमाने सुक्या बांगड्यांची जुडी घेऊन आला, आंतोनने ती बाहेर ओसरीवर टांगायला लावली.

हत्यारांची नावं आता आली त्याला. फ्यूज येतो, बल्ब येतो, पक्कड येते, पाना येतो, तांबडी वायर काळी वायर येते, आणि मी चुकीची धरली की चार माणसांसमोर ओरडतो, तांबडी! तांबडी! गिऱ्हाईकं मला म्हणतात, बाई, तुमचा नवरा फार रागावतो हो. मी म्हणते, रागावंदे. तुम्हाला काय ठाऊक हा राग ऐकायला मी किती तडफडले ते. माझं नाव मात्र अजून येत नाय. किती प्रयत्न करतो, क म्हणतो, ओठ हलतात, घामाघूम होतो, नाय येत. मग जो शब्द हाताशी असतो तो घेतो. मला पाना म्हणून हाक मारतो. पाणी हवं असलं की पाना, पाऊस आला, कपडे काढ म्हणायचं असलं की पाना, झोपेत कूस बदलली तरी पाना. पहिल्यांदा वाईट वाटलं, आता कोण कातरीन म्हणालं तर मला वळायला वेळ लागतो.

तुमचं भलं होवो बाई, तुमच्या घरातली माणसं अशीच तोंड भरून बोलत राहोत, भांडली तरी चालतील, पण बोलत राहोत. आता हे लिहिणं राहू दे इथेच, माका उठूक व्हया. ऐकलात ना, शेडीतून हाक मारतोय. पाना! पाना गो!

इलंय रे, इलंय.